आमच्या जर्मन बाईंना एकटं जेवायला सांगितलं तेव्हा

शुक्रवारी आमच्या बाईंकडे जर्मनीहून टीव्हीवाले आले. मुलुंडला, आमच्या बिल्डिंगमध्ये... वॉचमनने तर आधी त्यांची गाडीच आत सोडली नाही.

बाई म्हणजे मी जिथे कामाला जाते त्या. मूळच्या जर्मनीच्या. तरुणपणी तिकडे मोठ्या गायिका होत्या, सिनेमातही कामं केलेली. खाटकाची पोरगी, दुकानात गिऱ्हाइकांसमोर गायची, तिथून रेकॉर्डवर गेली. रेडिओ लावला की हिचंच गाणं. चंदेरी झग्यातला फोटो अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

मग एका जहाजावर गायला गेल्या, तिथे मालवणचे इंजिनियर भेटले. लग्न केलं आणि आल्या मुलुंडला. साहेब वारले तरी परत गेल्या नाहीत.

सासूने बोलायला शिकवलं ते मालवणी. बाई अजून मालवणीच बोलतात. मी जालन्याकडची, मला कुठली मालवणी... मी ती एका जर्मन बाईकडून शिकले. हसायचं तर हसा.

तर टीव्हीवाल्यांना पिक्चर बनवायचा होता. जुने गाणारे आता कुठे असतात, तसला काहीतरी. बाईंनी केस रंगवून घेतले, निळी साडी इस्त्रीला दिली, लिपस्टिक लावली. लई खूश होत्या. मला म्हणाल्या, "गो सुनंदा, आज कोलंबी कर. पावणे येतत."

डायरेक्टरबरोबर वांद्र्याची एक मुलगी होती. जर्मन शिकलेली, त्याचं बोलणं मला मराठीत सांगायला. आल्या आल्या म्हणते, "मावशी, आजींची लिपस्टिक जरा पुसता का? नॅचरल हवंय."

म्हटलं, बाईंचं हेच नॅचरल आहे.

मग म्हणे, "तो फ्रिज झाकता येईल का?"

"का? फ्रिजने काय केलं?"

तोवर कॅमेरावाल्याने भिंतीवरचे फोटो उतरवले... साहेबांचा, पुतण्यांचा, त्यांच्या पोरांच्या बारशाचा, सगळे. मला सांगितलं, गाऊन नको, साडी नेसा. म्हटलं, साडी मी लग्नाला नेसते, आज लग्न कुणाचंय?

इथपर्यंत मला गंमत वाटत होती. बाईंना खिडकीत बसवलं आणि बाहेर बघत राहा म्हणाले. बघून बघून त्या वैतागल्या. मला हळूच म्हणाल्या, "भायर काय आसा? पाण्याची टाकी."

मग जेवणाची वेळ झाली. मुलगी आली, "मावशी, त्या एकट्या जेवतायत असं घ्यायचंय. तुम्ही जरा आत जाऊन बसा."

आता मी सरळच विचारलं. काय गं, हा पिक्चर कसला आहे? ती खाली बघायला लागली. "स्टोरी अशी आहे मावशी... एवढी मोठी स्टार, सगळं गेलं, आता परक्या देशात एकटी. कुणी विचारत नाही."

माझं डोकंच सटकलं. कुणी विचारत नाही? सोसायटीच्या गणपतीत बाई आल्याशिवाय आरती सुरू होत नाही, ते विचारणं नाही तर काय? आणि हे तिकडे तिच्या गावात दाखवणार. तिची बहीण बघणार, बरोबर गायलेली माणसं बघणार. ती सगळी चुकचुकणार, आणि ही मेल्यावरही तेच सांगणार.

या घरात सासूच्या वेळेपासून एक नियम आहे. घरात दुसरं माणूस असताना कुणी एकट्याने जेवायचं नाही. मी कामाला लागले तेव्हा ताट घेऊन दाराशी बसले होते... बाईंनी माझं ताट उचललं आणि टेबलावर ठेवलं. तेव्हापासून मी तिथेच जेवते.

मी आत गेले नाही. ताट आणलं, कोलंबी वाढून घेतली आणि बाईंच्या समोर बसले, गाऊनवरच. डायरेक्टर काहीतरी बोलला, हात हलवले. मी भात कालवला.

"मावशी, प्लीज ना..."

"त्यांना सांग, मला भूक लागलीय."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. एवढी हौस होती त्यांची, आणि मी ती मोडत होते. त्यांनी विचारलं, "काय झाला गो?"

मी सांगून टाकलं. स्टार, परका देश, एकटी, सगळं जसंच्या तसं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांच्याशी तो डायरेक्टर जर्मनमध्ये नुसता गोड बोलत होता.

बाईंनी तोंडातला घास संपवला, हात धुतले. पर्समधून लिपस्टिक काढली, कॅमेऱ्यासमोरच परत नीट लावली आणि जर्मनमध्ये सुरू झाल्या.

मला एक शब्द कळला नाही. पण डायरेक्टर हळूच खुर्चीवर बसला.

मुलगी माझ्या कानाशी सांगत होती. "त्या म्हणतायत... चाळिशी आली तेव्हा तुम्ही टीव्हीवाल्यांनीच मला सांगितलंत, विशीतलीच गाणी गा, त्याच झग्यात गा आणि पोट आत घे. मी नाही म्हटलं. मला कुणी टाकलं नाही. मी तुम्हाला टाकलं. हे दाखवायचं असेल तर दाखवा, नाहीतर सामान उचला."

आणि मग माझ्याकडे वळून मालवणीत, "तेंका पण जेवूक वाढ गो. उपाशी आसतले."

वाढलं. काय करणार... डायरेक्टरच्या नाकाला तिखटाने पाणी आलं, तरी भात परत मागून घेतला. फोटो मी त्यांच्याकडूनच परत भिंतीवर लावून घेतले.

आता ते कापून काय ठेवतील मला माहीत नाही. मुलगी म्हणाली, बाई बोलल्या ते कदाचित ठेवतील, कदाचित नाही. नाही ठेवलं तर उरलं खिडकीतलं, आणि तेच तिकडे दिसेल. म्हणून हे इथे लिहिलं.

ज्या बाईने मला दाराशी जेवू दिलं नाही, तिला कुणी एकटी म्हणून दाखवणार आणि मी आत जाऊन बसणार? ते माझ्याच्याने होणार नाही. परत या म्हणावं, मी टेबलावर बसलेली असेन.