इस्तारीनं बायकोला दाखवलेला सिनेमा

हेराचा सिनेमा असा असतो? तीन तास माणसं नुसती दारं उघडतात, लावतात, सिगारेट ओढतात आणि एकमेकांकडे बघत राहतात. छप्पन साली आरमोरीच्या बाजारात तंबूच्या टाकीजवाल्यानं आम्हाला असं फसवलं, आणि आमच्या इस्तारीचं डोकं फिरलं ते फिरलंच.

इस्तारी आमच्या गावचा ढिवर, माझ्या समोरच्याच घरातला. तळ्यात जाळं टाकायचा आणि दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की दंडारीच्या नाटकात राजाचं सोंग घ्यायचा. त्याची बायको भागीरथा सहा वर्षांपूर्वी बांधावरून पडली आणि गुडघ्यातून अधू झाली. काठी धरून अंगणापर्यंत यायची, बस. तीन कोसांवरचं आरमोरी तिला कुठलं? म्हणून इस्तारी सिनेमा पाहून यायचा आणि दुसऱ्या दिवशी तिला सगळा सांगायचा, गाण्यांसकट. फाटकी जाळी सांधत ती ऐकायची. एका सिनेमावर तिचे दोन महिने निघायचे.

या खेपेला सांगायचं काय? आमच्या दंडारीत जो येतो तो आधी नाव सांगतो, गाव सांगतो, कशासाठी आलो ते सांगतो, मग पुढचं. इथं कोणी काहीच सांगेना. टोपीवाला हेर म्हणावा, तर तो मध्येच मेला. काळ्या चष्म्याचा म्हणावा, तर तो सरकारचा निघाला. शेवटी इस्तारी तंबूत उभा राहून पडद्यावर ओरडला, "अरे, तू कोन आहेस थे सांग ना बे आधी!" लोक हसले. मला मात्र हसू आलं नाही, इतका मी चिडलो होतो.

दुसऱ्या दिवशी भागीरथेनं विचारलं, "मंग? हेर कोन होता?"

"मालूम नाई."

"झोपले असान तुमी."

झोपले! इस्तारीच्या जिव्हारी लागलं. "या केवळरामभाऊले विचार," म्हणत त्यानं मला पुढे केलं. मी सांगायला लागलो आणि दुसऱ्याच वाक्याला अडकलो.

"दोघंई झोपले," ती म्हणाली.

"चाल, तूच पाह्य आपल्या डोयानं!" इस्तारी भडकला. माझी बंडी जुंपली, तिच्यात भाताची तणस अंथरली, तिला उचलून ठेवलं आणि ऊन असतानाच आम्ही निघालो.

तंबूत पडदा उजळला तशी भागीरथा जी सावरून बसली ती शेवटपर्यंत हलली नाही. इस्तारी सारखा विचारी, "समजून राह्यलं का?" ती हातानंच त्याला गप्प करी.

खेळ संपला. "आता सांग," इस्तारी ताठ होऊन म्हणाला, "मी झोपलो होतो का?"

"नाई. मलेबी काईच नाई समजलं."

इस्तारीला कोण आनंद! "ऐकलं ना भाऊ?" असं त्यानं मला तीनदा विचारलं.

अर्ध्या वाटेत भागीरथा बोलली. आवाज चढवला नाही. "सहा वर्सं झाले. बंडी होती, बैल होते, तुमी होते. चांगले चांगले सिनेमे तुमी एकटे पाहून आले. अन मले आनलं या भिकार सिनेमाले. थेबी काऊन, तर तुमी खरे ठरावं म्हून."

इस्तारीनं तिच्या पायाखालची तणस सारखी केली. सहा वर्षं माझी बंडी त्यांच्या दारासमोर रिकामी उभी असायची, आणि मला एकदाही सुचलं नव्हतं.