डावखुरा योद्धा

गेल्या रविवारी सकाळी ठाण्याला नौपाड्यात मंदारच्या घरी गेलेलो. पिशवीत रुमालात गुंडाळलेली एक जुनी व्हिडिओ गेमची कॅसेट होती.

मंदार माझा कॉलेजचा मित्र. लहानपणी आपापल्या घरी टीव्हीला जोडून आम्ही किल्ले आणि तलवारींची जी गेम सिरीज खेळायचो, तिचा तो आजही भक्त आहे. खेळणं आता कमीच... वेड आहे ते कॅसेटवरच्या चित्रांचं. एकेक चित्र नीट पारखून, स्कॅन करून तो जगभरातल्या चाहत्यांच्या ग्रुपवर टाकतो आणि तिथे त्याचा शब्द मानतात.

तिसऱ्या भागाचं चित्र मात्र त्याला जिथे मिळेल तिथे फाटलेलं, नाहीतर उडालेलं. माझ्याकडे ते चांगल्या स्थितीत आहे हे मध्यंतरी फोनवर सहज बोलण्यात आलं आणि त्याने लगेच बोलावलं.

कॅसेट हातात घेऊन त्याने ती उजेडात धरली.

"अरे, या योद्ध्याची तलवार डाव्या हातात आहे!"

"मग?"

"मग काय, गाढवा? बाकी सगळ्या कॅसेटवर ती उजव्या हातात आहे."

स्कॅन करून मोठं केलं तर छपाईचे बारीक ठिपकेच दिसेनात. चित्र चक्क हाताने रंगवलेलं. मंदारचा आवाज चढला... हे कंपनीच्या आर्टिस्टचं मूळ चित्र असणार! ते डोंबिवलीत आमच्या घरी कसं आलं, हा प्रश्न भक्तांना पडत नाही. "दर आठवड्याला एक शोध लागतो यांना," असं म्हणत वहिनींनी चहा ठेवला. संध्याकाळी पोस्ट टाकायचं ठरलं.

परतताना डोंबिवलीत मानपाडा रोडला आई-बाबांकडे डोकावलो. बाबा एमआयडीसीतल्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते, आता रिटायर्ड. मी रंगवून रंगवून सगळं सांगितलं. बाबा कप खाली ठेवून खिडकीबाहेर बघायला लागले. आईला हसू आवरेना.

"अहो, सांगा की आता. पोरांचं जगभर हसं होईल."

"तूच सांग. पुसलंस तू."

मी शाळेत असताना एका मे महिन्यात मामाकडे चिपळूणला गेलेलो तेव्हाची गोष्ट. आईने शोकेस आवरताना कॅसेट रॉकेलच्या बोळ्याने पुसली आणि चित्राचा लगदा झाला. मी आल्या आल्या रडून घर डोक्यावर घेणार, म्हणून बाबांनी ऑफिसातून आल्यावर बसून पोस्टर कलरमध्ये नवं चित्र काढलं आणि वर पारदर्शक प्लास्टिक चिकटवलं.

"पण समोर बघायला चित्र कुठे होतं?" मी विचारलं.

"तू खेळायचास तेव्हा मी मागेच बसलेलो असायचो ना. मशीनमध्ये खोचलेली कॅसेट बघून बघून पाठ झालेली. हात तेवढा चुकला."

"चुकला कसला... स्वतःसारखा केला," आई म्हणाली. बाबा डावखुरे आहेत.

इतकी वर्षं का सांगितलं नाहीत, असं विचारल्यावर बाबा म्हणाले, "तू काही बोललाच नाहीस. म्हटलं, जमलं असेल."

मंदारला फोन करताना जिवावर आलं होतं. सगळं ऐकून तो म्हणाला, "बरं झालं आधी कळलं, नाहीतर माझी सगळी अब्रू गेली असती..." आणि पुढे, "काकांना विचार ना, तरीही टाकू का? खरं काय ते लिहून?"

बाबांनी परवानगी दिली. "टाका म्हणावं. पण ढाल एका बाजूने वाकडी झालीय, तेही लिहा."

संध्याकाळी पोस्ट आली. 'भाग तिसरा, डोंबिवली आवृत्ती. एकच प्रत. चित्रकार : मित्राचे बाबा. ढाल वाकडी असल्याचं त्यांचं म्हणणं आहे.' कुठल्या कुठल्या देशांतले लोक खाली लिहितायत... ढाल राहू दे तशीच.

कॅसेट आता परत माझ्या कपाटात आहे. ढाल खरंच वाकडी आहे, मला कधी दिसली नव्हती. आणि मी खेळत असताना बाबा मागे पेपर वाचत बसलेले असायचे, असंच मी आजवर समजत होतो...