दहा किलोचा खटका

मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांनी घाम गाळून केलेला माल हातात घ्यायचा, कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचा आणि ‘रिजेक्ट’ म्हणायचं, याचा मला पगार मिळतो. बावीस वर्षं हे केल्यावर माणूस घरीही तसाच वागायला लागतो. मी भेंडी मोडून बघतो, लग्नाच्या पंगतीत पत्रावळीचे टाके तपासतो. बायको म्हणते, “नशीब, मला बघायला आलात तेव्हा तुमची नोकरी नवी होती.”

अशा माणसावर सासऱ्यांसाठी चाकू आणायची कामगिरी पडली. पडली म्हणजे मीच ओढवून घेतली.

सासऱ्यांचा गुलाबाचा मळा शहराबाहेर, गंगापूर रोडवरच्या आमच्या घरापासून पाऊण तासावर. फुलं रोज बाजारात जातात, पण त्यांचं खरं नाव आहे ते डोळे भरण्यात. रानगुलाबाच्या खुंटाला चाकूने चीर पाडायची, चांगल्या जातीच्या फांदीवरचा कोवळा डोळा सालीसकट उचलून त्या चिरेत बसवायचा, वरून पट्टी बांधायची. त्यांचा चाकू होता घडीचा आणि बिनखटक्याचा. उघडलेलं पातं अडवून धरणारं त्यात काहीच नव्हतं. गेल्या थंडीत तो चिवट सालीत अडकला, त्यांनी जोर लावला आणि पातं मिटलं ते थेट त्यांच्या तर्जनीवर. पाच टाके पडले. माझ्या मेहुण्याने जाहीर केलं, “परत हात कापला तर डोळे भरणं बंद.” मेहुणा बोलेल ते करणारा आहे.

“ते बंद झालं तर म्या दिवसभर करू काय? टीव्ही बघू?” सासरे फोनवर माझ्या बायकोला म्हणाले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. फोन ठेवून ती रडली. मी म्हणालो, “रडू नको. असा चाकू आणतो, की तो मिटणारच नाही.”

मग मी अभ्यासाला लागलो. मोबाईलवर चाकूंचे इतके व्हिडिओ बघितले की मला जाहिरातीही तसल्याच यायला लागल्या. मेनरोडमागच्या एका गल्लीत हत्यारांचं जुनं दुकान आहे. तिथल्या चाचांनी माझ्यापुढे बारा चाकू मांडले. मी एकेक उघडून पातं हलतंय का बघत होतो, कानाशी धरून खटक्याचा आवाज ऐकत होतो. तासाभराने चाचा म्हणाले, “साहेब, चाकू पाहिजे का तिजोरी?” आणि मग जरा थांबून, “वापरणार कोण? हात कुणाचा हाय?”

“हाताचं सोडा,” मी म्हणालो, “खटका किती पक्का आहे ते सांगा.”

हे वाक्य मी बोललो आहे. माझ्याच तोंडाने.

पहिल्या चाकूत पात्यामागे सरकून बसणारी पातळ पट्टी होती. व्हिडिओत सांगितलं होतं, पात्याची पाठ टेबलावर हलकेच आपटून बघा. मी ओट्यावर आपटली. ‘हलकेच’ हा भाग माझ्या लक्षात राहिला नव्हता. पट्टी सटकली आणि माझा अंगठा कापला. बायकोला सांगितलं, कांदा कापताना लागलं. ती म्हणाली, “लग्नाला एकवीस वर्षं झाली. या घरात तुम्ही कांदा कापल्याचं मी तरी बघितलेलं नाही.” दुसरा चाकू मी दिवसभर उघडमीट करत बसलो, कारण खटका किती वेळा टिकतो तेही बघायला हवं ना. शेजारच्या आजी दारात येऊन म्हणाल्या, “कात्री वाजवली की भांडणं होतात, तसलंच हे. बंद करा ती कटकट.” संध्याकाळपर्यंत भांडण झालंच, आणि चाकूची मूठही ढिली झाली.

तिसरा मात्र अस्सल निघाला. त्याचा खटका मुठीच्या पाठीवर होता, आत जाड स्प्रिंग; तो अंगठ्याने दाबला तरच पातं मिटायचं. मी तो जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात नेला, पातं व्हाइसच्या जबड्यात आवळलं आणि मुठीला वजनं लटकवली. पाच किलो. सात. दहा. खटका हलला नाही. चार कामगार भाकरी हातात धरून बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर “पास” म्हणालो, तर एकाने टाळ्या वाजवल्या.

मळ्यात चाकूचं स्वागत झालं. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं. मी दहा किलोची हकिकत दोनदा सांगितली. सासऱ्यांनी चाकू उघडून उन्हात धरला. “लय भारी हाय, पाव्हणं,” ते म्हणाले. मी तृप्त झालो. त्यांनी तो मिटून दाखवला नाही, आणि प्रत्येक चाकू उघडून-मिटवून बघणारा मी, मला त्याचं काही वाटलं नाही.

त्यानंतर आम्ही मळ्यात जायचो तेव्हा चाकू त्यांच्या हातात असायचा. माझी मोटारसायकल बांधावरूनच ऐकू येते. तिच्या सायलेन्सरचं ‘नंतर बघू’ म्हणून राहिलंय.

या थंडीत एका रविवारी ती गावाच्या फाट्यावर पंक्चर झाली, म्हणून मी चालत मळ्यात गेलो. सासरे वाफ्यात उकिडवे बसले होते. हातात तोच जुना, बिनखटक्याचा चाकू. तर्जनीवर चिंधी बांधलेली, आणि चिंधीवर ओलं रक्त. सासूबाई मला बघून घराकडे धावल्या आणि नवा चाकू पदराखाली घेऊन आल्या. त्याच्यावरचं कुंकू अजून पुसलेलं नव्हतं.

“मामा, हे काय?”

“काय नाय. काटा लागला.”

माझ्या कांद्यापेक्षाही ही थाप कच्ची होती. मी नवा चाकू उघडून त्यांच्या हातात दिला. “मिटवा बरं.”

त्यांनी सासूबाईंकडे बघितलं. मग अंगठा खटक्यावर ठेवून दाबला. अंगठ्याच्या मुळाशी सांधा सुपारीएवढा सुजलेला होता. ती सूज आजची नव्हती, कैक वर्षांची होती. घरात सगळ्यांना माहीत होती, बायकोलाही. मी विचारलंच नव्हतं म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी दाबून बघितलं. खटका हलला नाही. दहा किलोला न हलणारा खटका तो, त्यांना कसा हलणार?

“सांगायचं ना मला,” मी म्हणालो.

“जावयानं एवढ्या हौसेनं आणलेली वस्तू,” सासूबाई म्हणाल्या, “नाय कसं म्हणावं?”

मला तिथल्या तिथे मातीत बसावंसं वाटलं, आणि मी बसलोही. जगाच्या मालाला मी नाही म्हणतो आणि या माणसाला मला एकदा नाही म्हणता आलं नव्हतं. त्यापायी त्यांनी परत हात कापून घेतला होता, मुलापासून लपवला होता, आणि मी येणार म्हटलं की माझं मन राखायला म्हातारी घरातून चाकू घेऊन धावत होती. मी म्हणालो, “मामा, आता खरं सांगा. पास की रिजेक्ट?”

“नाय मिटत मला,” ते हळूच म्हणाले. मग मान वर करून, अगदी ठणठणीत आवाजात, “रिजेक्ट!” आणि आम्ही तिघंही हसलो. सासूबाईंचे डोळे मात्र भरले होते.

पंक्चर काढून मी त्यांना मागे बसवलं आणि चाचांच्या दुकानात नेलं. चाचांनी आधी त्यांचा हात हातात घेतला, अंगठा दाबून बघितला. पुन्हा घडीचे चाकू काढायला लागले, तर सासरे म्हणाले, “घडीचा कशाला? ज्याला मिटायचंच नाय, त्याला खटका कशाला पायजे?” चाचांनी आतून लाकडी मुठीचा एक साधा, सरळ चाकू काढला. पातं बोटभर, वर चामड्याची खोळ. सासऱ्यांनी तो नखावर टेकवला, मुठीत धरून मनगट फिरवलं आणि म्हणाले, “हा.” दोन मिनिटं लागली. माझे तीन महिने गेले होते.

परत निघताना त्यांनी खिशातून मी मिटवून दिलेला दहा किलोवाला चाकू काढला आणि माझ्या शर्टाच्या खिशात घातला. वरून खिसा थोपटला.

“हा ऱ्हाऊ द्या तुमाला,” ते म्हणाले. “कांदा कापाया.”

म्हणजे बायकोने तेही सांगितलं होतं. आता घरात कांदा मी कापतो. सासरे अजून डोळे भरतात.