धाकटीचा कागद

"एकदा बघितलंस ना? मग आता पुन्हा बघ."

औषधांची ट्रॉली ढकलताना ती हे मला दिवसातून दहा वेळा म्हणायची. ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या एका वृद्धाश्रमात ती नर्स होती आणि मी युनिव्हर्सिटी सांभाळून तिथे मदतनीस. मूळची फिलिपिन्सची, चाळिशीची, ठेंगणी आणि कायम घाबरलेली. त्यांच्यात थोरल्या बहिणीला 'आते' म्हणतात. मला ते आपल्या आत्यासारखंच ऐकू यायचं, म्हणून मीही तिला आते म्हणू लागले. बोलणं अर्थात इंग्रजीतून. दोघींचं इंग्रजी आपापल्या वळणाचं, पण अडायचं नाही.

त्या वर्षांत आमच्यासारख्या विद्यार्थ्यांची तिथे नुसती रीघ लागली होती. आपल्या मुलांना कुठे कुठे मारहाण झाल्याच्या बातम्याही यायच्या. नाशिकहून आई रोज फोनवर विचारायची, "एकटी फिरत नाहीस ना गं?" इथे ते काम आतेने अंगावर घेतलं होतं. शिफ्ट संपली की ती माझ्याबरोबर फाटकापर्यंत यायची, बस येईपर्यंत उभी राहायची. "ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बस हं." मला हसू यायचं. तुम्हीही हसला असता. लख्ख उन्हात, दुपारी तीन वाजता!

पण तिची खरी भीती निराळी होती. नवरा बोटीवर कामाला होता, तो तिकडेच अपघातात गेला. दोन मुली गावी आजीजवळ. धाकटी दोन वर्षांची असताना ही इथे आली, त्याला चार वर्षं झाली होती. धाकटीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. चहाच्या सुट्टीत थोरलीशी बोलून झालं की आते फोनमध्ये नुसती गुणगुणत बसायची.

"माझी आई फोन धाकटीच्या गालाला लावते," तिने मला एकदा सांगितलं. "थरथर कळते तिला."

मुलींना इकडे आणून कायमचं राहता यावं म्हणून तिने तिघींचा अर्ज केला होता. मुलींच्या वैद्यकीय तपासणीचे रिपोर्ट गेले आणि तिची झोप उडाली. घरातलं एक जरी माणूस तपासणीत अडलं तर सगळ्यांचाच अर्ज अडणार, असा नियम. खिशात फोन वाजला की तिचा हात आधी छातीवर जायचा, मग खिशाकडे. टपाल आलेलं दिसलं तरी ती भिंतीला टेकून उभी राहायची.

एका दुपारी स्टाफरूममध्ये तिने एक पाकीट माझ्यापुढे सरकवलं. "तू वाच. मला अक्षरं दिसत नाहीयेत."

व्हिसाचं काम बघणाऱ्या एजंटचं पत्र होतं. धाकटीच्या उपचारांचा खर्च सरकारवर पडेल म्हणून अर्ज नाकारला जाईल असंच दिसतंय, त्याने लिहिलं होतं. एकच वाट उरते. तिचा ताबा कायदेशीर कागद करून आतेच्या बहिणीला द्यायचा. मग ती आतेच्या घरातली धरली जाणार नाही आणि थोरलीला घेऊन आतेला इथे राहता येईल.

खरं सांगते, मला हायसं वाटलं. "आते, सही करून टाक. नुसता कागद तर आहे. मुलगी तुझीच राहणार."

तिने माझ्याकडे पाहिलं.

"तिला ऐकू येत नाही," ती हळूच म्हणाली. "पण वाचायला शिकतेय ती. उद्या मोठी होऊन तिने हा कागद वाचला तर?"

मी पत्राची घडी घालून परत दिलं. त्या दिवशीची औषधं दुसऱ्या नर्सने वाटली.

आठवडाभर ती डबा उघडायची आणि तसाच मिटायची. मग एका सकाळी येऊन म्हणाली, "अर्ज मागे घेतला. नोकरीही सोडतेय. मुलींकडे परत चाललेय." मी तिला भांबावून विचारलं, तिकडे कसं निभावणार? "ठाऊक नाही. त्याचीही भीती वाटते. पण त्या सहीची जास्त वाटते."

सिडनीच्या ट्रेनवर तिला सोडायला मी गेले. ती खिडकीशी बसली. आता तरी सुटली असेल, असं मला वाटलं होतं. पण तिचा चेहरा ते पाकीट सरकवताना होता त्याहून वाईट झाला होता. दार बंद व्हायच्या आत ती उठून दाराशी आली आणि तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"ती मला ओळखेल का गं?"

दाराची शिट्टी वाजली आणि तिने हात सोडला.

पाच दिवसांनी तिचा मेसेज आला. तेव्हा तिच्या जागी आलेली नवी नर्स मला चादरी कुठे असतात ते विचारत होती.

"ओळखलं नाही. आजीच्या मागे लपली. पण जेवताना माझ्या ताटातला मासा तिने न विचारता उचलून खाल्ला."