भोक नसलेला ऑइल कप

"हात ठेव," मालक म्हणाले.

मी बेअरिंगवर हात ठेवला आणि लगेच काढला. तळवा चांगलाच भाजला.

"आता सांग. चूक मिस्त्रीची हाय का न्हाई?"

मालकांच्या हातात एक कागद होता. कापसाच्या जीनचे मिस्त्री हुसेन यांच्या निष्काळजीपणामुळे इंजिनाचं बेअरिंग वारंवार जळतं, सबब त्यांना कामावरून कमी करावं, असा मजकूर. खाली 'मेकॅनिकल इंजिनिअर' असं लिहून सहीला जागा सोडली होती. ती जागा माझी. सही केली की खुर्ची माझी, आणि जीनच्या आवारातली मिस्त्रीची खोली रिकामी. हुसेन मिस्त्री बावीस वर्षं त्या खोलीत राहत होते. ते दोन पावलांवर चिंधीनं हात पुसत उभे होते आणि माझ्याकडं बघतही नव्हते.

मी खिशातून पेन काढलं होतं, हे कबूल करतो. बाविशीतल्या माणसाला खुर्ची लवकर दिसते.

हल्ली पास झालेली पोरं विचारायला येतात, काका, मेकॅनिकल केलं, आता पुढं ऑप्शन काय? निजामाच्या राज्यात आमच्या बिदर जिल्ह्यात किती ऑप्शन होते ते ऐका. मी पुण्याहून डिग्री घेऊन खटकचिंचोळीला आलो तेव्हा गावानं मला बघायला गर्दी केली, आणि पहिल्याच दिवशी तिघांनी शिवणयंत्र दुरुस्तीला आणून दिलं. हा पहिला ऑप्शन. दुसरा रेल्वेचा कारखाना. तिथल्या साहेबांनी माझं सर्टिफिकेट उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, फोरमनपैकी तुझा कोण लागतो? कुणीच लागत नव्हतं. तिसरा सरकारी बांधकाम खातं. तिथं अर्ज उर्दूत करायचा होता. तो मी एका मुन्शीकडून लिहून घेतला. साहेब म्हणाले, अर्ज फार सुंदर आहे, पण आमच्याकडं रोड रोलर एकच आहे आणि त्याला माणूस आहे. मग मुन्शीचं नाव-गाव मात्र त्यांनी आवर्जून विचारून घेतलं.

उरली भालकीची जीन. जीन म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. मालक लिंगायत, घरी कानडी, बाजारात मराठी, आमच्या वडिलांच्या, अप्पांच्या ओळखीचे. अप्पा त्यांना म्हणाले, "पोरगा शिकून आलाय, बघा काय जमतंय का." मालकांना नेमका तेव्हाच इंजिनिअर हवा होता. इंजिन चालवायला नव्हे, कागदावर सही करायला. ते मला तिथं गेल्यावर कळलं.

पेन उघडलं खरं, पण डोक्यात एक गोष्ट अडकली. बेअरिंग म्हणजे काय ते आधी सांगतो. इंजिनाचा जाडजूड दांडा, म्हणजे शाफ्ट, ज्या घरात फिरतो ते बेअरिंग. आत मऊ पांढऱ्या धातूचं अस्तर असतं. वर पितळेचा ऑइल कप. त्याच्या तळातल्या भोकातून तेल थेंब थेंब आत उतरतं आणि शाफ्ट तेलावर तरंगत फिरतो. तेल कमी पडलं तर अस्तर तापतं आणि वितळतं. इथं तर कप काठोकाठ भरलेला होता. ज्या मिस्त्रीनं हयगय केली त्याचा कप भरलेला कसा?

मी कपातलं तेल दोन बोटांत घेऊन चोळलं. खरखरीत लागलं.

"अण्णा, मला उद्याचा दिवस द्या," मी म्हणालो.

"कामून? सही करायला दिवस लागतोय व्हय?"

"चार वर्षं शिकलोय. एक दिवस तरी बघू द्या."

मालक हसले, त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. "बघ, बघ. उद्या सांजच्याला सही पायजे. हंगाम तोंडावर आलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इंजिनखान्यात जाऊन बसलो. मिस्त्रींनी इंजिन सुरू केलं. बेअरिंग गार, आवाज स्वच्छ. मला एकही खोट काढता येईना, आणि कॉलेजात मला तेवढंच शिकवलं होतं. थोड्या वेळानं मालक आले. अंघोळ केलेली, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगावर उपरणं. त्यांनी चालत्या इंजिनाला हात जोडले. सिलिंडरला विभूती लावली, बेअरिंगच्या टोपीला लावली. मग ऑइल कपाचं झाकण उचललं आणि चांगली चिमूटभर विभूती आत सोडली. झाकण लावलं, पुन्हा हात जोडले आणि कचेरीत निघून गेले.

मी मिस्त्रींकडं बघितलं. ते छताकडं बघत होते.

"मिस्त्री, हे रोज असं?"

"रोज. बाईस साल से."

"आणि तुम्हाला माहीत होतं?"

"मालूम है साब. मेरे कू अंधा नक्को समझो."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझं डोकंच फिरलं. आधी मालक इंजिन सुरू व्हायच्या अगोदर यायचे. ते विभूती टाकून गेले की मिस्त्री कप काढायचे, धुवायचे, नवं तेल भरायचे आणि मग इंजिन सुरू करायचे. बावीस वर्षं. यंदा दसऱ्याला, खंडेनवमीच्या पूजेच्या वेळी, मालकांना कुणीतरी सांगितलं की आशीर्वाद चालत्या यंत्राला द्यावा, थांबलेल्याला दिलेला पोचत नाही. तेव्हापासून मालक इंजिन चालू असताना येतात. चालत्या इंजिनाचा कप काढता येत नाही. त्यामुळं ती सगळी विभूती तेलाबरोबर थेट बेअरिंगमध्ये.

विभूती म्हणजे शेणाची राख. त्याच राखेनं आपल्या घरी बायका पितळेची भांडी घासतात आणि भांडी लख्ख होतात. बेअरिंगचं अस्तरही तसंच घासलं जात होतं.

मी तडक कचेरीत गेलो. मिस्त्रींना हाताला धरून नेलं. नवा इंजिनिअर, सत्याचा फार भरवसा. तेलाची वाटी मालकांसमोर ठेवली आणि भांडी घासायच्या राखेसकट सगळं सांगून टाकलं.

मालकांचा चेहरा उतरला, मग तांबडा झाला. "म्हणजे माझ्या विभूतीनं इंजिन बिघडतंय म्हणतोस?"

"तेलात गेली तर बिघडतं, अण्णा. मिस्त्रींना विचारा. ते रोज बघतात."

मालक मिस्त्रींकडं वळले. "हुसेन, बोल. मी कपात टाकतो ती विभूती इंजिनाला बाधायलीय का?"

हुसेन मिस्त्रींनी मान खाली घातली. "नहीं मालिक. साब नये हैं."

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. मालकांनी कागद काढून टेबलावर ठेवला. "सांजच्याला सही कर, न्हाई तर अप्पांकडं जा आणि शिवणयंत्रं दुरुस्त कर." म्हणजे ती बातमीही भालकीला पोचली होती.

बाहेर आल्यावर मी मिस्त्रींवर ओरडलो. तुमच्यासाठी बोललो आणि तुम्हीच मला तोंडघशी पाडलंत, म्हणालो. ते शांतपणे बिडी पेटवत होते.

"साब, तुम कल कू बम्बई जाते. मैं किधर जातूं? मालिक की विभूती कू खराब बोला तो अब्बीच जातूं. तुमने सही की तो सांज कू जातूं. आधा दिन तो मिलता."

माझा राग उतरला आणि त्या जागी लाज आली. मी तिथं जणू फळ्यावर गणित सोडवून दाखवत होतो, आणि त्या माणसाला फक्त आपली खोली वाचवायची होती.

दुपारच्या सुट्टीत इंजिन थांबलं. मी भंगारातून जुन्या पितळी व्हॉल्व्हचं टोपण शोधलं. मिस्त्रींनी ते कानशीनं घासून गुळगुळीत केलं. त्याचा एक देखणा कप झाला, झाकणासकट, चिंचेनं घासून चकाकणारा. फरक एवढाच की त्याच्या तळाला भोक नव्हतं. तो आम्ही बेअरिंगच्या टोपीवर मधोमध, सहज हात पोचेल असा बसवला. खऱ्या ऑइल कपावर पत्र्याची टोपी घालून स्क्रूनं आवळली आणि इंजिनाचाच रंग फासला. बेअरिंग उघडून धुतलं, अस्तर पुन्हा खरवडून बसवलं. हे काम मिस्त्रींनी केलं. मला ते येत नव्हतं.

मग मी मालकांना बोलावलं.

"अण्णा, सकाळी माझं चुकलं. विभूती काळ्या तेलात पडते हेच मला बरं वाटेना. म्हणून वेगळं पात्र बसवलंय. चालत्या इंजिनावर वाकताना उपरणं अडकायची भीतीही न्हाई."

मालकांनी पात्र निरखलं. झाकण उचललं, लावलं. चेहरा खुलला. "हे आधी कामून सुचलं न्हाई तुला? चार वर्षं काय शिकलास?"

इंजिन सुरू झालं. मालकांनी पात्रात चिमूट सोडली. संध्याकाळपर्यंत बेअरिंगवर हात ठेवून गप्पा माराव्यात इतकं ते गार होतं. मालकांनी कागद फाडला. मी खुर्चीच्या दिशेनं बघितलं.

"आता इंजिन बिघडत न्हाई, तर इंजिनिअर कशाला?" मालक म्हणाले. "हुसेन हाय की."

चोख हिशोब होता. मी काम इतकं चांगलं केलं की माझी गरजच उरली नाही. आठवड्यातच मी इंजिनं विकणाऱ्या एका कंपनीत फिरता फिटर म्हणून लागलो आणि जनवाड्यापासून उदगीरपर्यंत विहिरींवर पंप बसवत हिंडलो. पुढं त्याच कामात आयुष्य गेलं.

दोनेक वर्षांनी त्या जीनमध्ये सुटा भाग पोचवायला गेलो. तहसीलदार भेटीला आले होते आणि मालक त्यांना इंजिन दाखवत होते. पितळी पात्रावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यात विभूती पडायला लागल्यापासून बेअरिंग एकदाही तापलं न्हाई साहेब."

अक्षरन् अक्षर खरं होतं. हुसेन मिस्त्री मागं हात बांधून उभे होते आणि गंभीरपणे मान डोलवत होते.

म्हणून पोरं ऑप्शन विचारायला आली की मी त्यांना एवढंच सांगतो. कारखान्यात जाल तर साहेबाच्या खुर्चीकडं बघू नका, आधी तिथला जुना मिस्त्री शोधा, आणि मालक गेल्यावर तो गुपचूप काय धुतो ते बघा. डिग्रीत तेवढंच शिकवायचं राहिलेलं असतं.