हलका हात

नात काल संशोधनासाठी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत रुजू झाली. संध्याकाळी फोनवर तिचा चेहरा नुसता फुलला होता. "आजी, सर म्हणाले, तुझा हात फार हलका आहे. सगळ्यांचे सेन्सर तूच चिकटवत जा!"

मी हसले खरी, पण तोंड कडू झालं. हेच वाक्य ऐकून आमच्या बाईसाहेब, म्हणजे मीच, एकेकाळी हवेत तरंगत घरी आल्या होत्या. अख्ख्या प्रयोगशाळेत एकटी मुलगी, आणि पहिल्याच दिवशी एवढं कौतुक! मग काय, सगळ्यांच्या लोखंडी तुळयांवर ताण मोजणाऱ्या नखाएवढ्या पट्ट्या मी चिकटवायच्या, केसासारख्या तारा मी जोडायच्या. तुळई वाकवून आकडे टिपायचे ते मुलांनी. त्यांचे प्रबंध झाले, त्याचे पेढे मीच वाटले. माझ्या प्रबंधाची तुळई कोपऱ्यात गंजत होती, आणि मी मात्र "माझ्यावाचून यांचं पान हलत नाही" म्हणून मिरवत होते. शहाणी!

टोमणा मारला तर उलट बोलता येतं. कौतुकाला काय बोलणार? तिथे माणूस मान खाली घालून नुसता लाजतो, आणि लाजता लाजता कामाला लागतो.

"उद्या एखादा सेन्सर चांगला वाकडा चिकटव," मी म्हटलं.

"काहीतरीच काय, आजी! अगं, सर खूप चांगले आहेत."

"आमचेही होते."

"बघ, म्हटलं ना!" ती म्हणाली, आणि खुशीत फोन ठेवला.