एक फूट कमी

सूर्याजी खराडे यांच्या पणजोबांनी शिंद्यांच्या पागेत घोडी सांभाळली, आजोबा पलटणीत होते, वडील कचेरीत शिपाई. सूर्याजींच्या वाट्याला पाणी आलं. ग्वाल्हेरपासून बारा किलोमीटरवर भिलौरीचा जुना मातीचा तलाव. तिथे ते एकतीस वर्षं पाणी मोजायच्या नोकरीवर होते. रोज सकाळी ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या घरून मोटरसायकल काढायची, आठच्या ठोक्याला पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या नळीत ओतून बघायचं, मग बांधावर जाऊन फुटांचे आकडे रंगवलेली पट्टी वाचायची, वहीत लिहायचं आणि कार्यालयाला फोन करायचा. लेकीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा ते आकडा घेऊन मगच मांडवात आले होते.

चार वर्षांपूर्वी ती पट्टी नवी बसवली. पहिल्याच पावसाळ्यात सूर्याजींच्या लक्षात आलं की काहीतरी चुकलंय. जादा पाणी वाहून जाणाऱ्या सांडव्याच्या उंबऱ्याला पाणी टेकलं की वीस फूट यायला हवेत. पट्टी एकोणीस दाखवत होती. ठेकेदाराने ती एक फूट वर ठोकली होती. सूर्याजींनी वहीत पट्टीचा आकडा लिहून शेजारी खरा आकडा लिहायला सुरुवात केली. आठवड्याने कार्यालयातल्या साहेबांनी बोलावून घेतलं. दुसऱ्या आकड्यांवर लाल रेघा मारलेल्या होत्या.

"खराडे, पट्टी जो बोले वही लिखो. काम पास हो चुका है. अपनी अकल मत लगाओ."

सूर्याजी वाद घालणाऱ्यांतले नव्हते. खरा आकडा त्यांनी मनात ठेवला आणि वहीत पट्टीचा लिहीत गेले. दोन-तीन वर्षं पाऊस बेताचाच झाला. एका फुटाने कोणाचं काही बिघडलं नाही.

मग ते वर्ष आलं. माघात दोनदा अवकाळी पाऊस कोसळला. चैत्रात एरवी आठ फुटांवर उतरणारा तलाव पंधरावरच थांबला. गावकरी खूश होते, उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागणार नव्हती. सूर्याजींना मात्र तो भरलेला तलाव बघवेना. पावसाळ्याचं पाणी मावायला जागाच उरली नव्हती. थोडं पाणी आत्ताच सोडावं, असा अर्ज त्यांनी कार्यालयात दिला. भर उन्हाळ्यात पाणी सोडलं तर लोक काय म्हणतील, असं उत्तर आलं, आणि तेही अगदीच खोटं नव्हतं.

तलावाखाली नाल्याच्या काठाने साठ-सत्तर घरांची वस्ती होती. शाळेत खिचडी शिजवणारी विमल तिथे राहायची, बिछान्याला खिळलेल्या सासूला, सुलोचनाबाईंना, घेऊन. वस्तीत मराठी बोलणारं ते एकच घर. सूर्याजी बांधावरून परतताना ती दारात उभी असायची.

"दादा, किती?"

सूर्याजी आकडा सांगायचे. चोवीसला भोंगा वाजतो आणि वस्ती सोडायची, एवढं तिला पक्कं माहीत होतं. आकडा ऐकून ती बाकीच्या घरांना सांगायची.

श्रावणात तीन दिवस पाऊस थांबलाच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पर्जन्यमापक काठोकाठ भरला होता. पट्टीवर बावीस. म्हणजे तेवीस.

"दादा, किती? आईंना हलवायचं तर चार माणसं लागतील. आत्ता सगळी घरी आहेत, मग कामावर जातील."

"बावीस," सूर्याजी म्हणाले. एवढ्या वर्षांची सवय जिभेवर बसली होती. पुढे काही बोलावं असं त्यांना वाटलं, पण विमल तोवर "मग आहे वेळ" म्हणत आत वळली होती.

अकराला पट्टीवर तेवीस झाले. सूर्याजींनी फोन लावला.

"साहब, असल में चौबीस हो गया है. भोंपू बजा दूँ?"

"पट्टी पर कितना है?"

"तेईस."

"तो चौबीस होने दो. मैं ऊपर पूछकर बताता हूँ."

बांधावरच्या भोंग्याच्या खोलीत खटक्यापाशी सूर्याजी चाळीस मिनिटं उभे राहिले. फोन आला नाही. सांडव्यावरून पाणी गर्जत होतं, पायाखालची फरशी थरथरत होती. शेवटी त्यांनी हुकमाशिवाय खटका दाबला आणि छत्री तिथेच टाकून वस्तीकडे धावले.

माणसं पोरांना काखोटीला मारून टेकडीकडे पळत होती. विमलच्या घरात गुडघाभर पाणी होतं. ती एकटीच सासूची खाट ओढत होती. सूर्याजींनी डोक्याकडची बाजू धरली, विमलने पायाकडची. सुलोचनाबाई घाबरून एकच म्हणत होत्या, "अगं, मला खाली ठेवा, तुम्ही जा." गल्लीच्या तोंडाशी लोंढा आला. सूर्याजींचा पाय सरकला आणि खाट हातातून गेली.

वस्तीतली चार माणसं त्या दिवशी वाहून गेली. त्यांतल्याच एक, सुलोचनाबाई, दोन दिवसांनी पुलाच्या मोरीत सापडल्या.

लोकांना शाळेत ठेवलं होतं. सूर्याजी तिथे गेले तेव्हा विमल भिंतीला टेकून बसली होती.

"दादा, सकाळी बावीस होते न? मग तीन तासांत एवढं कसं चढलं?"

"बावीस नव्हते, ताई. तेवीस होते."

तिला आधी समजलंच नाही. त्यांनी पट्टीचं सगळं सांगितलं. विमल भिंतीचा टेकू सोडून सरळ बसली.

"वहीत काहीही लिहा. मला का नाही सांगितलंत? मी थोडीच साहेबांना दाखवायला जाणार होते?"



चौकशी बसली. चौकशी अधिकाऱ्याने वही उलटसुलट चाळली आणि समाधानाने मिटली. वहीप्रमाणे चोवीसच्या आधीच भोंगा वाजला होता, कोणाचाच दोष निघत नव्हता.

"वही झूठी है, साहब," सूर्याजी म्हणाले. "चार साल से झूठी है. लिखी मैंने है."

"सोच लो, खराडे. रिटायरमेंट को आठ महीने हैं."

"सोच लिया. लिखिए."

सूर्याजी निलंबित झाले. साहेबांची बदली झाली. पट्टी महिन्याभरात काढून नीट बसवली.

निलंबनाचा कागद आला त्या रात्री घरी ताट वाढताना त्यांची बायको पद्माबाई म्हणाल्या, "खरं बोललात, ते ठीक केलंत. पण चार वर्षं आधी बोलायचं होतं." सूर्याजींनी मान डोलावली आणि ते जेवू लागले.

विमल ग्वाल्हेरच्या खासगी बाजार मोहल्ल्यात भावाकडे राहायला आली. फाल्गुनात एकदा भाजीच्या गल्लीत ती समोरून आली. सूर्याजी थांबले. तिनेही ओळखलं. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, त्यांना जायला वाट दिली आणि भाजीवाल्याकडे वळून मेथीचा भाव विचारला.